द्वारा

फॉर्म अगदी स्वच्छ भरला होता. नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर, सगळं टपोऱ्या अक्षरात. फक्त पत्त्याच्या चौकटीत गिचमिड होती. आधी एका बालगृहाचा पत्ता लिहिलेला, त्यावर आडवी रेघ, आणि खाली 'म्हार्दोळ' एवढंच लिहून पेन थांबलेलं. थांबलं होतं तिथं शाईचा टिपका पसरला होता.

"हे खोडलंस का रे?" मी खिडकीतून विचारलं.

"तिथून निघालो, काकी. अठरा पूर्ण झाली."

"मग आता कुठं राहतोस?"

त्यानं मागं वळून रांगेकडे पाहिलं. मग खिडकीशी वाकून हळूच म्हणाला, "हॉटेलातच झोपतो. रात्री शटर ओढलं की बाकं जोडून."

त्याच्या आधारवर जुनाच पत्ता होता आणि खातं उघडायला तो पुरेसा होता. मी तसं सांगितलं. त्याला ते पटेना. "पत्र आलं तर तिथं जाईल, काकी. तिथं आता माझं पत्र कोण घेणार?"

टपाल खात्यात माझी ३३ वर्षं गेली. परत जाणाऱ्या पाकिटांवर शेरे लिहून लिहून हात बसला होता. 'पत्ता अपुरा.' 'घर सोडून गेला.' 'या नावाचे कोणी नाही.' अशा एखाद्या शेऱ्यामागं अठरा वर्षांचं पोर रात्री बाकं जोडत असेल, हे एवढ्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी येताना बसमध्ये मला तो शाईचा टिपका दिसत राहिला.

गोव्यात अनोळखी माणूस भेटला की नावाआधी गाव विचारतात. "तूं खंयचो?" उत्तरात गाव येतं, मग वाडा, मग कुणाचा कोण, मग कुळदैवत, आणि चहा संपायच्या आत कुठली तरी सोयरीक निघतेच. हा प्रश्न मी जन्मभर मायेचा समजत आले. त्या मुलाला तो दिवसातून चार वेळा विचारला जायचा आणि चारही वेळा तो वेगळं गाव सांगायचा, हे त्यानंच मला पुढं सांगितलं. कधी फातोर्डा, कधी कुडचडे. "खरं सांगितलं की लोक गप्प होतात. मग मलाच कसंतरी होतं." खरं एवढंच, की पाच-सहा वर्षांचा असताना तो मडगाव स्टेशनवर एकटा सापडला होता. गाडीत कुणीतरी उकडलेल्या शेंगा दिल्या होत्या, हे त्याला आठवतं. गाव आठवत नाही.

म्हार्दोळला राहणाऱ्या बाईला हे दुःख कळायला इतकी वर्षं लागावीत, याचं मला वाईट वाटतं. आमचा अंत्रूज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, हा घर सुटलेल्यांचाच मुलूख. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टी-बारदेशातली देवळं पाडायला घेतली, तेव्हा लोकांनी आपले देव उचलून इकडं आणले. अंत्रूज तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हता. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, आणि आमची म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. आज हे देव ज्या गावांत नांदतात ती त्यांची मूळची गावं नव्हेत. कुणीतरी जागा दिली, म्हणून ते इथले झाले. देवांची ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना किती अभिमानानं सांगतो!

बेघर म्हटलं की पदपथावर पांघरूण ओढून झोपलेली माणसं डोळ्यांसमोर येतात. गोव्यातली बेघर तरुण पोरं तशी दिसत नाहीत. ती कामाच्या जागीच झोपतात. ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला की किनाऱ्यावर हॉटेलांत, शॅकांत, गेस्ट हाऊसांत सगळीकडे हात लागतात, आणि पगाराबरोबर जेवण आणि झोपायला जागा मिळते. एका खोलीत आठ जण का असेनात, वर छप्पर असतं. मग ३१ मे उजाडतो. तोवर शॅक उतरवावे लागतात. वासे, झावळ्या, खुर्च्या ट्रकात चढतात आणि त्याबरोबर पोरांचा बिछानाही उचलला जातो. ज्याला गाव आहे तो गावी जातो. ज्याला नाही त्याच्यापुढं पावसाळा उभा असतो, आणि गोव्याचा जून कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. आमचा हा मुलगा कळंगुटला एक हंगाम काढून असाच जूनमध्ये फोंड्याकडे आला होता.

काम गेलं की घरही जातं, यात नेमकं काय अडकलेलं असतं ते मला एका मुलीमुळं कळलं. तीही संस्थेतून बाहेर पडलेली, याच मुलाच्या ओळखीची. एका फ्लॅटमध्ये राहून-जेवून कामाला होती. घरातल्या पुरुषानं एकदा रात्री तिच्या खोलीचं दार वाजवलं. त्यानंतरही ती सात महिने तिथंच राहिली. "त्याच रात्री का नाही निघालीस गं?" मी विचारलं. विचारताना माझ्या आवाजात थोडा राग होता, तिच्यावरचाच. ती म्हणाली, "निघून कुठं झोपायचं होतं, काकी?"

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी घरात भांडून, पिशवी भरून, केरीला माहेरी निघून गेले होते. तीन दिवसांनी परत आले. त्या तीन दिवसांनी माझ्या संसाराचं बरंच भलं केलं असं आजही मला वाटतं. सासरच्यांना कळलं की ही जाऊ शकते. ती पिशवी मला भरता आली, कारण माहेर होतं. माहेर म्हणजे सण-वार, ओटी, आईच्या हातचं जेवण असं आपण म्हणतो. त्या मुलीशी बोलल्यावर मला त्याचा एकच अर्थ दिसायला लागला: जिथून 'नाही' म्हणता येतं ती जागा. मुलींनाच नव्हे, मुलांनाही ती लागते. पगार बुडवणाऱ्या मालकाला, नको त्या पुड्या पोचवायला सांगणाऱ्या मित्राला, सगळ्यांनाच 'नाही' म्हणण्यासाठी रात्रीची सोय आधी लागते.

कायदा या मुलांना विसरलेला नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ४६ व्या कलमानुसार अठरा पूर्ण होऊन संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक मदत देता येते. याला अनुरक्षण म्हणतात. ही सोय २१ वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत. मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपये धरले आहेत. मूल संस्थेत असतानाच त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा तयार व्हावा अशीही अपेक्षा आहे. पण हे त्या मुलाला समजेल अशा भाषेत सांगणारं कुणी लागतं. त्याच्याबरोबर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन बसणारं कुणी लागतं. आणि प्रत्येक अर्जावर पुन्हा तीच चौकट असते, पत्त्याची.

आपल्या २००३ च्या गोवा बाल कायद्यात तर अशी तरतूद आहे, की घरच्या किंवा नात्यातल्या माणसाबरोबर नोंद असल्याशिवाय मुलाला हॉटेलच्या खोलीत प्रवेशच नाही. अतिशय योग्य कायदा, किनारपट्टीला तो हवाच होता. पण अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्रीपर्यंत एवढी राखण, आणि दुसऱ्या दिवशी तोच मुलगा त्याच हॉटेलच्या मोरीशेजारी झोपला तरी कुणी हटकत नाही. माझा स्वतःचा मुलगा अठराचा होता तेव्हा बेंगळुरूच्या हॉस्टेलवरून फोन करून विचारायचा, की पांढरा सदरा बाकीच्या कपड्यांत धुतला तर चालेल का. पंचविशीपर्यंत आम्ही त्याला पैसे पाठवले. तो स्वतःच्या पायावर उभा राहत नाही, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही.

तर आम्ही खोली शोधायला लागलो. तो आणि मी, माझ्या स्कूटरवर. फर्मागुडी, बांदोडा, मंगेशी, दर रविवारी. माझ्या ओळखीची घरं. तिथं माझ्या हातून कित्येकांच्या मनीऑर्डरी गेलेल्या. सगळ्यांनी बसवून चहा दिला, आणि सगळ्यांनी नाही म्हटलं. एका घरी त्याला बाहेर व्हरांड्यात बसवून मला आत बोलावून विचारलं, "तो तुमचा कोण?" मी म्हटलं, कुणी नाही. तिथंच विषय संपला.

एक वृद्ध भाटकार, म्हणजे जमीनदार, मात्र खरं बोलले. म्हणाले, "बाये, पोरगा चांगला दिसतो. पण माणूस आत घेतला की बाहेर काढता येत नाही, हे माझ्या बापानं मला शिकवलंय. आमची दोन घरं कज्ज्यात गेली." त्यांच्या भीतीला इतिहास आहे. १९६८ चा घरभाड्याचा कायदा आला, १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आला. भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराला कुणी उठवू नये म्हणून तो कायदा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. माझ्या आईचं माहेर मुंडकारांचं. पण त्याची दुसरी बाजू अशी, की गोव्यातला घरवाला भाडेकरूपेक्षा कुलूप बरं म्हणायला लागला. त्यात आपला वारशाचा कायदा. आईबापांच्या मिळकतीचा अर्धा हिस्सा मुलांसाठी राखलेला, त्यामुळं मनात आलं म्हणून पोटच्या पोराला पूर्ण बेदखल करता येत नाही. मला हा कायदा फार आवडतो. पण तीन पिढ्यांत एका घराला वीस-पंचवीस वारस होतात, निम्मे परदेशी, आणि सह्या जमेपर्यंत वाशांना वाळवी लागते. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या साधारण पाच घरांमागं एक घर रिकामं आढळलं. स्कूटरवरून जाताना तो मुलगा मोजायचा. "हे बंद. हे बंद. ते पण बंद, काकी."

चौथ्या रविवारी घरी आले, चपला काढल्या आणि समोर आमची पडवीलगतची खोली दिसली. सासूबाई गेल्यापासून सहा वर्षं बंद. आत त्यांची खाट, तांब्याची घागर, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. चार रविवार मी लोकांच्या बंद खोल्यांना नावं ठेवत फिरत होते. जी लाज तेव्हा वाटली ती अजून गेलेली नाही.

"अहो," मी म्हटलं, "आईंची खोली..."

हे पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. "मला वाटलंच होतं पहिल्या रविवारी. तू बोलशील म्हणून थांबलो." मग म्हणाले, "देऊया. पण भाडं घेऊ. थोडं, पण घेऊ. आणि कागद नीट करू."

हा शहाणपणा माझ्यात नव्हता. मी फुकट दिली असती, आणि मग तो दर घासाला उपकार मोजत बसला असता. अकरा महिन्यांचा करार केला, पोलीस ठाण्यात भाडेकरूच्या नोंदीचा फॉर्म भरून दिला. करारावर सही करताना त्यानं स्वतःचं नाव दोनदा वाचलं.

नंतरचं मला नीट सांगायचंय, कारण छप्पर मिळालं की सगळं सुरळीत होतं असं मीही समजत होते. पहिले तीन महिने त्यानं पिशवी उघडी केली नाही. खोलीत फडताळ होतं, पण कपडे पिशवीतच, चेन लावलेली, दाराशी. चपला रात्री खाटेखाली; संस्थेत चोरीला जायच्या. रविवारी सुट्टी असली तरी पहाटे साडेपाचला उठून, अंथरुणाची घडी घालून, खाटेच्या कडेवर सरळ बसून राहायचा. एकदा मी विचारलं, "काय करतोस रे?" तो म्हणाला, "काही नाही. घंटेची सवय आहे." बारा-तेरा वर्षं घंटेवर उठला, घंटेवर जेवला. घंटा बंद झाल्यावर काय करायचं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

भात लावायला शिकवताना मी म्हटलं, एकट्याला एक मूठ आणि वर थोडे. तो तांदूळ हातात घेऊन बघत राहिला. त्यानं कायम टोप पाहिलेला, शंभर माणसांचा. विजेचं बिल, सिलिंडरचा नंबर लावणं, डॉक्टरकडे आपण होऊन जाणं, ताप आला तर कामावर फोन करून कळवणं: एकेक गोष्ट. आमची मुलं हे कधी शिकतात ते आपल्याला दिसतही नाही, घरात वावरताना अंगाला लागून जातं.

आणि मी चुकले तेही सांगते. पाचव्या महिन्यात त्यानं पगार एका मित्राला उसना दिला आणि भाडं द्यायला पैसे उरले नाहीत. ते सांगायचं सोडून तो मला टाळायला लागला. मला कळलं तेव्हा मी अंगणात उभी राहून म्हटलं, "म्हणूनच तुम्हाला कुणी खोली देत नाही." एकवचनातला तो एका वाक्यात 'तुम्हाला' झाला. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोली झाडलेली, किल्ली तुळशीजवळ ठेवलेली, पिशवी गेलेली.

तीन दिवस फोन बंद. ह्यांनी फोंड्याचा आणि म्हापशाचा बसस्टँड पालथा घातला. मला अन्न गोड लागेना. मी स्वतःहून त्याला कुठल्या शेऱ्यात घातलं ते मलाच माहीत होतं: 'घर सोडून गेला.'

त्याला परत आणलं ते एका पाकिटानं. करार झाल्यावर मी त्याला मतदार नोंदणीचा सहा नंबरचा फॉर्म भरायला लावला होता. (रस्त्यावर राहणाऱ्यालाही मतदार होता येतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पत्त्याचा कागद लागत नाही. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन तो माणूस खरोखर तिथं झोपतो का ते पाहून जातो. ही तरतूद ज्यानं कुणी लिहिली त्याला माझा नमस्कार.) तर चौथ्या दिवशी त्याचं मतदार ओळखपत्र स्पीड पोस्टानं आलं. आमच्या बीटचा पोस्टमन माझ्या हाताखाली तयार झालेला. त्यानं पाकीट माझ्याकडे दिलं नाही. त्यावरच्या नंबरवर सकाळपासून फोन करत राहिला, आणि दुपारी तो लागला. "तुझं पत्र आलंय. सही तुझीच लागेल. म्हार्दोळच्या घरी ये."

तो आला. दोन रात्री त्यानं मडगाव स्टेशनवर काढल्या होत्या. पडवीच्या पायरीवर उभ्यानंच सही केली, पाकीट फोडलं. फोटो काळपट आला होता. खाली पत्ता: आमचा घरनंबर, आमचा वाडा. मी म्हटलं, "मी बोलले ते चुकलं रे." त्यानं कार्डावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "किल्ली कुठंय?" त्या संध्याकाळी फडताळ उघडल्याचा आवाज आला. सासूबाईंच्या फडताळाची बिजागरी करकरते, घरभर ऐकू येतं.

पुढं त्यानं हॉटेल सोडलं आणि पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, लागला. पहाटे चारला भट्टीवर, मग सायकलवर टोपली बांधून, पोंय पोंय वाजवत वाड्यावाड्यांतून पाव टाकायचा, आणि आठनंतर आयटीआयला, फर्मागुडीत, इलेक्ट्रिशियनच्या वर्गात. वर्षभरात अशी वेळ आली की कुठल्या घरी किती उंडे, कुठं पोळी (हे आमचे पावांचे प्रकार), कुणाचा मुलगा दुबईहून आलाय म्हणून आज चार जास्त, हे त्याला आमच्या पोस्टमनपेक्षा जास्त ठाऊक झालं. "तूं खंयचो?" असं आता कुणी विचारत नव्हतं. पोदेराला कोण विचारणार? तो सगळ्यांना माहीत.

पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत गेलो, तेव्हा त्याच्या बाजूनं उभे राहिले ते बालगृहातले आणि शाळेतले जुने कागद. फॉर्मवर खोडलेला तोच पत्ता. त्यानं तो स्वतःच्या हातानं, पूर्ण, न खोडता लिहिला.

लोक मला विचारतात, घरी खोली नसेल तर काय करणार? खोली प्रत्येकाकडे नसते, कबूल. पण करारावर साक्षीदार म्हणून सही करता येते. दवाखान्याच्या कागदावर 'जवळची व्यक्ती' म्हणून नाव देता येतं. आपल्या घराच्या पत्त्यावर एखाद्याचं पत्र येऊ देता येतं. पाकिटावर दोन नावांच्या मध्ये 'द्वारा' लिहितात, त्यात दार आहे, हे ३३ वर्षं तो शब्द वाचूनही मला दिसलं नव्हतं. लोक सर्वांत जास्त घाबरतात तेही याच गोष्टीला. पैसे काढून देतील, जुने कपडे देतील, श्राद्धाला संस्थेत जेवण देतील. पत्ता द्यायचा म्हटला की हात आखडतो. माझाही आखडला होता, चार रविवार.

गेल्या वर्षी तो वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला. तिथंच दोघा मित्रांबरोबर खोली घेतली. अनामत स्वतःच्या पैशांतून भरली आणि पावतीचा फोटो मला पाठवला. ह्यांनी म्हटलं, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, आणि हा म्हार्दोळहून वेर्ण्याला चालला. ती मुलगी मडगावात नोकरदार बायकांच्या वसतिगृहात आहे, शिवणाच्या दुकानात कामाला जाते. तिच्या फॉर्मवर जवळची व्यक्ती म्हणून माझं नाव आहे. पडवीची खोली महिनाभर रिकामी होती. आता तिथं दुसरा एक आहे, एकोणीस वर्षांचा, फार अबोल. त्याची पिशवी अजून दाराशी असते.

आधारवरचा पत्ता बदलायला आता कचेरीत जावं लागत नाही, घरबसल्या होतं, आणि वेर्ण्याचा हा मुलगा मोबाइलवर सगळं करतो. पण पत्ता त्यानं बदललेला नाही. बँकेची पत्रं, विम्याची पत्रं अजून म्हार्दोळलाच येतात. मीही आठवण करत नाही. देवघराशेजारच्या फळीवर ठेवते. रविवारी तो येतो, जेवतो, पाकिटं घेऊन जातो. परवा एक आलंय, जाडजूड आहे, कसलं ते मी पाहिलेलं नाही.